टेबलावरचे फोटो: मांडणी आणि बॅकग्राउंडबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फराळाचं ताट, तांब्याची लोटी, घरी बनवलेल्या मेणबत्त्या, कुंभाराकडून आणलेली मडकी, आजीचा अडकित्ता... घरातल्या घरात असल्या वस्तूंचे फोटो काढणारे पुण्यात भरपूर आहेत, आणि सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकली. कॅमेरा कुठला घेऊ हा प्रश्न यात मुद्दाम नाहीये.

फोटो शार्प आहे, उजेड बरा आहे, तरी फोटोत मजा येत नाही. नक्की कुठं चुकतं?

बहुतेक वेळा क्रमात चुकतं. आपण काय करतो, वस्तू आवडली की ती टेबलावर ठेवतो, मग कॅमेरा लावतो, मग लक्षात येतं की मागे स्विचबोर्ड दिसतोय, म्हणून घाईघाईत मागे एक ओढणी टांगतो. म्हणजे फोटोचा निम्म्याहून जास्त भाग ज्या गोष्टीने भरणार आहे ती सगळ्यात शेवटी आणि हाताला लागेल ती. हे उलटं करून बघा. आधी उजेड कुठून येतोय ते ठरवा, मग मागचं आणि खालचं काय असणार ते ठरवा, ती रिकामी फ्रेम मोबाईलमध्ये बघा, ती रिकामीच बघायला बरी वाटली पाहिजे, आणि मग वस्तू आणा. रिकामी फ्रेम जर गचाळ दिसत असेल तर त्यात चांदीचं निरांजन ठेवलं तरी गचाळच दिसणार.

एका फोटोत किती वस्तू ठेवायच्या? विषम संख्या असावी म्हणतात, ते खरं का?

तीन किंवा पाच वस्तू असल्या की त्यांच्या आपोआप सरळ जोड्या लागत नाहीत, नजर फिरत राहते, एवढाच त्यात अर्थ आहे. नियम वगैरे नाही. दोन वस्तूंचे पण सुंदर फोटो होतात, फक्त एक मोठी एक छोटी, किंवा एक उभी एक आडवी पाहिजे, नाहीतर त्या पासपोर्ट फोटोला बसल्यासारख्या दिसतात.

ज्यांनी शाळेत ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा दिलीय त्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. मधे एक मोठं भांडं, बाजूला एखादं फळ किंवा भाजी, मागून खाली आलेलं कापड. ड्रॉइंगच्या सरांनी ती मांडणी उगाच तशी केलेली नसायची: एक मोठा आकार, एक मध्यम, एक बारका, आणि निदान एक वस्तू दुसरीच्या थोडी पुढे आलेली, म्हणजे खोली कळते. आजही अडलात तर हीच मांडणी लावा आणि तिथून एकेक हलवत जा.

वस्तू नीट लावल्या तरी फोटोत गर्दी वाटते किंवा सगळं विस्कटल्यासारखं वाटतं. काय बघायचं?

वस्तूंकडे बघणं सोडा आणि त्यांच्यामधल्या फटी बघा. माझ्या मते मांडणीतलं निम्मं काम एवढंच आहे, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

दोन वस्तू एकतर स्पष्टपणे एकमेकींवर आलेल्या असाव्यात, नाहीतर स्पष्टपणे लांब. सगळ्यात वाईट म्हणजे कडेला कड जेमतेम टेकलेली. तांब्याची कड आणि पेल्याची कड एका बिंदूत चिकटली की नजर तिथंच अडकते आणि कुठली वस्तू पुढे कुठली मागे ते कळेनासं होतं. तसंच फ्रेमच्या कडेला वस्तू जेमतेम टेकू देऊ नका, एकतर चांगली आत घ्या किंवा सरळ कापा. केळीचा फणा अर्धा कापलेला चालतो, टोकाचा नखाएवढा भाग कापला गेला तर ती चूक वाटते.

फटी सगळ्या सारख्या रुंदीच्या असल्या की दुकानातल्या मांडणीसारखं होतं. एक फट अरुंद, एक मोकळी ठेवा. हे डोळ्याला पटकन दिसत नाही म्हणून एक सोपा उपाय आहे, फोटो काढून तो मोबाईलवर उलटा करून बघा, वरचं खाली. लोटी लोटी राहत नाही, नुसते गडद-फिके तुकडे दिसतात आणि कुठली बाजू जड झालीय ते लगेच कळतं. डोळे किलकिले करून बघितलं तरी साधारण तेच होतं.

इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी नावाचा चित्रकार होता, १८९० ते १९६४ त्याचा काळ. हा माणूस आयुष्यभर बहुतेक त्याच त्या बाटल्या, डबे आणि सुरया मांडून चित्रं काढत राहिला. काही बाटल्यांना तर त्याने मॅट रंग फासून ठेवले होते, म्हणजे चकाकी नको आणि लेबल नको. त्याची चित्रं इंटरनेटवर बघा आणि फक्त दोन बाटल्यांमधली जागा बघत बसा. दहा ट्युटोरियलपेक्षा जास्त फायदा होईल.

रूल ऑफ थर्ड्स पाळायचा का?

म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन सारखे भाग करून वस्तू त्या रेघांवर ठेवायची. मोबाईलमधली ग्रिड, म्हणजे त्याच रेघा, चालू ठेवा, फ्रेम वाकडी आहे का ते कळायला बरं पडतं. बाकी टेबलावरच्या वस्तूंना एक तृतीयांशचं फार बंधन नसतं. मधोमध ठेवलेली एकच समई छान दिसते, तिचा आकारच तसा आहे, दोन्ही बाजूंनी सारखा.

वरून काढू, समोरून काढू की तिरकं?

वस्तूची ओळख कुठल्या बाजूला आहे ते बघा. थाळी, रांगोळी, पुरणपोळी, भाकरी हे सगळं वरून. सुरई, समई, बाटली, बरणी हे समोरून, वस्तूच्या मध्याच्या उंचीवर कॅमेरा आणून. वाटीतली आमटी किंवा चहाचा कप तिरकं, साधारण ३० ते ४५ अंशांत, कारण आतलं पण दिसायला पाहिजे आणि बाहेरची बाजू पण. वरून काढताना मोबाईल खरंच आडवा सपाट आहे ना ते तपासा, थोडा जरी कलला तर गोल ताट अंड्यासारखं दिसतं.

आणि वरून काढायचं ठरलं की बॅकग्राउंडचा निम्मा ताप संपतो, कारण मागचं आणि खालचं एकच होतं. सुरुवात करणाऱ्यांनी म्हणूनच वरून सुरुवात करावी, पण कायम तिथंच राहू नये.

टेबलाची मागची कड फोटोत येते आणि वाईट दिसते.

ती कड म्हणजे आडवी रेघच असते आणि ती कुठून जाते यावर सगळं ठरतं. लोटीच्या गळ्यातून गेली तर लोटीचा शिरच्छेद. बरोबर फ्रेमच्या मधोमध गेली तर फोटो दोन तुकड्यांत फाटतो. कॅमेरा थोडा वर-खाली करून ती रेघ वस्तूच्या पोटामागे न्या, म्हणजे झाकली जाते, किंवा बरीच वर न्या.

रेघ नकोच असेल तर २२ बाय २८ इंचाची कार्डशीट घ्या, मागची बाजू भिंतीला चिकटवा आणि पुढची टेबलावर सोडा, मधे घडी न पाडता नुसता बाक येऊ द्या. छोट्या वस्तूंना एवढं पुरतं. मोठं पातेलं असेल तर पुरणार नाही, तिथं कापड.

पुण्यात बॅकग्राउंडसाठी सामान कुठं मिळतं? ऑनलाईन फार महाग आहे.

ऑनलाईन घेऊच नका. छापलेल्या व्हिनाईल शीटवर लाकडाच्या त्याच गाठी परत परत येतात, वरून चकाकतात, आणि लाकडाच्या रेषा इतक्या मोठ्या छापलेल्या असतात की शेजारची वाटी भातुकलीतली वाटते. त्यापेक्षा असं फिरा:

कागद आणि कार्डशीट अप्पा बळवंत चौकात. राखाडी, मातकट, गडद निळा असे तीन घ्या, भडक लाल-पिवळे सोडून द्या. सनबोर्ड, म्हणजे हलका ताठ फोमचा बोर्ड, तोपण तिथंच, पांढरा एक घ्याच, तो बॅकग्राउंडपेक्षा उजेड परत फेकायला जास्त कामी येतो. शिवाजीनगरच्या हँडमेड पेपर इन्स्टिट्यूटचे कागद हातात घेऊन बघा, त्यांचा पोत जवळून फार सुंदर दिसतो आणि ते चकाकत नाहीत.

कापड म्हणाल तर रविवार पेठेत मांजरपाट मागा. स्वस्त, मॅट, थोडं खरबरीत, आणि चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं की छान जुनाट रंग येतो. साटीन, वेलवेटसारखं चमकणारं आत्ता नको, काळं वेलवेट सोडून, त्याचं पुढे सांगतो.

दगड हा पुणेकरांच्या नजरेसमोर असून न दिसणारा प्रकार आहे. शहाबादी फरशीचा तुकडा, तोच जुन्या वाड्यांच्या अंगणात आणि न्हाणीत असायचा तो, याच्यासारखं बॅकग्राउंड मिळणार नाही. करडा, थोडा निळसर, न चकाकणारा, आणि तांब्या-पितळेचा रंग त्यावर उठून दिसतो. फरशीच्या दुकानात तुटलेले तुकडे पडलेले असतात, विचारा. कडप्पा घेतलात तर पॉलिश केलेली बाजू खाली ठेवा आणि खरबरीत बाजू वापरा, नाहीतर त्यात छतावरचा पंखा दिसेल. फक्त एक, दोन फूट बाय दोन फूट फरशी जड असते, रिक्षाने आणा.

लाकूड म्हणजे जुने पाट, चौरंग, पेटीची झाकणं. दर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात डोळे उघडे ठेवून फिरलात तर काहीतरी हाती लागतंच. पाटाला रंगीत सनमायका लावलेला नको, नुसता झिजलेला पाहिजे. भांडी, डबे वगैरे तुळशीबागेत, आणि खरं ठोक्याचं तांबं बघायचं असेल तर कसब्यातली तांबट आळी. तिथलं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची ती बारीक नक्षी, बाजूने उजेड पडला की अशी काही दिसते की बाकी प्रॉप्सची, म्हणजे सजावटीला ठेवायच्या वस्तूंची, गरजच संपते. मांडणीसाठी कल्पना पाहिजे असतील तर केळकर संग्रहालयात एक चक्कर मारा, जुने दिवे, अडकित्ते, रोजच्या वापरातली भांडी किती वेगवेगळ्या आकारांची असू शकतात ते तिथं कळतं.

घरी बोर्ड रंगवता येईल का?

येईल, आणि तोच सगळ्यात चांगला मार्ग आहे. दोन बाय तीन फुटांचा एमडीएफ किंवा प्लायचा तुकडा, टिंबर मार्केटमध्ये कापून मिळतो. प्रायमरचा एक हात, त्यावर पुट्टी पत्र्याने ओबडधोबड ओढायची, गुळगुळीत करायची नाही, वाळल्यावर पॉलिशपेपर हलका मारायचा. मग एकाच रंगाच्या दोन-तीन जवळच्या छटा, ओल्या स्पंजने एकमेकींत मिसळत. रंग मॅटच पाहिजे, दुकानदार सवयीने चमकवाला देतो, डबा वाचून घ्या. एका बोर्डाला दोन बाजू असतात, दोन्ही रंगवा म्हणजे दोन बॅकग्राउंड झाली.

गेरू वापरायचा असेल तर पाण्यात कालवताना थोडं फेविकॉल घाला, नाहीतर तो हाताला, वस्तूला, सगळीकडे लागत राहतो. गेरूच्या बोर्डावर पांढरे मोदक काय दिसतात म्हणून सांगू.

छटांमधला फरक कमी ठेवा. रंगवताना वाटतं की काहीच दिसत नाहीये, पण कॅमेऱ्यात तो फरक वाढून दिसतो.

पैठणी किंवा खणाचं कापड मागे लावलं तर मराठमोळं वाटतं ना?

वाटतं, आणि म्हणूनच सगळे लावतात. अडचण अशी की पैठणीचा पदर स्वतःच बघायची गोष्ट आहे, त्याच्यापुढे तुमची करंजी कोण बघणार. जर वापरणं ठरलंच असेल तर साध्या मांजरपाटावर खणाची एक पट्टी कडेने येऊ द्या, काठ फ्रेममध्ये एकदाच दिसावा आणि वरची वस्तू एकदम साधी असावी, पांढरी किंवा एकरंगी. काठाची रेघ वस्तूकडे जाईल अशी ठेवली तर उलट मदतच होते.

कापडाच्या सुरकुत्या, हा दुसरा मुद्दा. कपाटातल्या घडीच्या चौकोनी खुणा इस्त्रीने घालवा, आणि मग हाताने मुद्दाम दोन-तीन मोठ्या चुण्या पाडा, त्या वस्तूकडून फ्रेमच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या. मधल्या मधे अर्धवट सुरकुत्या ठेवल्या तर कंटाळा केल्यासारखं दिसतं.

रंग कसे जुळवायचे?

तांबं केशरी असतं, त्याच्या मागे निळसर करडं. पितळेला गडद हिरवं किंवा मातकट. स्टीलला स्वतःचा रंग नसतो, समोर जे असेल ते त्यात दिसतं. हळद-कुंकू, लिंबू, मिरची असं भडक काही असेल तर तो एकच भडक रंग फ्रेममध्ये ठेवा. आणि खोलीच्या भिंती बघा: पोपटी भिंतीशेजारी बसून फोटो काढलात तर पांढरी बशी हिरवट येणारच, ते मोबाईलचं पाप नाही. त्या बाजूला पांढरा सनबोर्ड उभा करा.

पांढरं बॅकग्राउंड करडं येतं आणि काळं पण करडंच येतं.

कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी मधल्या करड्यावर आणायला बघतो. पांढरं जास्त असलं की तो फोटो गडद करतो, काळं जास्त असलं की उजळ करतो. म्हणून पांढऱ्यावर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), काळ्यावर तेवढाच कमी करा. मोबाईलवर स्क्रीनला बोट दाबून धरलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली करायचं.

खरं काळं पाहिजे असेल तर वस्तू उजेडाजवळ आणि बॅकग्राउंड उजेडापासून लांब. लॅम्पपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे वस्तूमागे तीन-चार फूट मोकळी जागा सोडली तर साधी काळी चादरसुद्धा काळीकुट्ट होते. जागाच नसेल तर काळं वेलवेट, ते उजेड गिळून टाकतं.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० मध्ये ढोबळ्या मिरचीचा जो प्रसिद्ध फोटो काढला, ‘पेपर नंबर ३०’, त्यात मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या गोल बाजूने उजेड सगळीकडून मिरचीवर परततो आणि मागे आपोआप गडद पोकळी तयार होते. बोहरी आळीत मोठं नरसाळं सहज मिळेल, गाडी मात्र आळीत घालू नका.

तांब्या-पितळेच्या भांड्यात मी आणि माझा मोबाईल दिसतो.

दिसणारच, भांडं म्हणजे गोल आरसा आहे. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कमी करणारा फिल्टर, घ्यावा का असं बरेच जण विचारतात, तर काच, पाणी, वार्निश यांवरची चमक तो कमी करतो पण उघड्या धातूवर त्याचा काही उपयोग होत नाही. त्यामुळे चमक घालवायची नाही, चमकेत काय दिसावं ते आपण ठरवायचं. खिडकीच्या बाजूला बटर पेपर ताणून लावा म्हणजे भांड्यावर एक मोठा मऊ पांढरा पट्टा येतो. दुसऱ्या बाजूला काळा कागद उभा करा, त्याने भांड्याची कड ठळक होते. तुम्ही गडद कपडे घाला, मागचा दिवा बंद करा, आणि लांबून झूम करून काढा म्हणजे प्रतिबिंबात तुम्ही ठिपक्याएवढे उरता.

भांडं फार लखलखीत घासू नका. पितांबरीने घासल्यावर एखाद-दोन दिवस वापरलेलं तांबं फोटोत जास्त चांगलं दिसतं. बोटांचे ठसे मात्र पुसा, ते मोठे करून बघितले की फार घाण दिसतात.

काचेला वेगळा हिशोब, तिला मागून उजेड आणि दोन्ही बाजूंना फ्रेमच्या बाहेर काळ्या पट्ट्या.

कुठली खिडकी चांगली? पावसाळ्यात तर उजेडच नसतो.

पावसाळ्यासारखा उजेड नाही! जून ते सप्टेंबर पुण्याचं ढगाळ आकाश म्हणजे उजेड मऊ करणारा फुकटचा प्रचंड डिफ्यूजर आहे. कमी असतो एवढंच, मग ट्रायपॉड लावा किंवा मोबाईल पुस्तकांच्या ढिगाला टेकवा आणि टायमर लावा, वस्तू काही हलत नाहीत.

उत्तरेची खिडकी सगळ्यात शांत, फक्त उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिच्यातूनही तिरकं ऊन येतं. पूर्वेची दहानंतर, पश्चिमेची दुपारी दोनपर्यंत, दक्षिणेला हिवाळ्यात पांढरा पडदा लावाच. गच्चीवर भर दुपारी काढू नका, त्यातून मे महिन्याच्या मध्याला तर इथं शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, सावली वस्तूच्या पायाखाली जाते आणि मग सगळं सपाट.

टेबल खिडकीला आडवं लावा, उजेड बाजूने आला पाहिजे. आणि खोलीतली ट्यूब किंवा पिवळा बल्ब बंद, दोन रंगांचे उजेड एकत्र आले की अर्धं ताट निळं अर्धं पिवळं होतं आणि ते नंतर एडिटिंगमध्येही धड सुटत नाही.

मोबाईलवर पोर्ट्रेट मोड लावून मागचं ब्लर केलं तर बॅकग्राउंडची कटकटच नको, नाही का?

कपाचा कान, काचेची कड, फुलाची पाकळी, नेमकं इथंच तो मोड घोटाळा करतो, कानातली पोकळी ब्लर करायची राहते किंवा कडच खाऊन टाकतो. त्यापेक्षा २एक्स झूम करा आणि दोन पावलं मागे या. मोबाईलची मुख्य लेन्स वाईड असते, जवळ जाऊन काढलं की पुढची वाटी फुगते आणि मागची लांब पळते. लांबून काढलं की आकार खरे येतात आणि मागचं बॅकग्राउंडही कमी लागतं, म्हणजे छोट्या बोर्डात काम भागतं. कॅमेरावाल्यांनी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं भोक, एफ/८च्या आसपास ठेवावं, सगळी मांडणी फोकसमध्ये येते.

प्रॉप्स किती?

बेसनाच्या लाडवाच्या फोटोत वेलदोडे, काजू, पणती, झेंडूची फुलं, लोकरीचं तोरण आणि वर तांब्याचा गडू, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. प्रत्येक प्रॉपला विचारा, तू इथं का? वेलदोडा लाडवात आहे, तो राहू दे. गडू जाऊ दे. एकेक वस्तू काढत जा आणि दरवेळी एक फोटो काढा, शेवटी सगळे शेजारी शेजारी ठेवून बघा. लाडू मोडून अर्धा ठेवला तर त्याचा रवाळ पोत दिसतो, आणि ते कुठल्याही फुलापेक्षा भारी.

नंतर ॲपने बॅकग्राउंड बदललं तर?

सावली पकडली जाते. खिडकी डावीकडे आणि नवीन बॅकग्राउंडवरचा उजेड उजवीकडून, लोकांना नक्की काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खोटं वाटतंच. पुसायचं तर धूळ आणि खरकटं पुसा, क्रॉप करा, व्हाईट बॅलन्स नीट करा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल. विकायच्या वस्तूंचा रंग बदलू नका, गिऱ्हाईक परत पाठवतं.

वन बीएचकेमध्ये राहतो, एवढं सामान ठेवू कुठं?

दोन्ही बाजूंनी रंगवलेले दोन बोर्ड कपाटाच्या मागे उभे राहतात. कागद गुंडाळून पीव्हीसी पाईपच्या तुकड्यात, घडी घालायची नाही, कापड त्याच पाईपवर गुंडाळून. फरशी खिडकीखाली जमिनीवर पडू दे, वर कुंडी ठेवा, पाहिजे तेव्हा कुंडी हलवायची आणि तिथंच जमिनीवर बसून फोटो काढायचा. फरशीवर कुंडीच्या बुडाचा गोल डाग पडेल, तो पुसू नका.